पूना डिव्हिजनचे कागद

सोमवार

ब्रिटिश लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर आशिया-आफ्रिका विभागाची वाचनखोली आहे. पेन, पाण्याची बाटली, कोट, पिशवी हे सगळं खालच्या मजल्यावरच्या लॉकरमध्ये ठेवायचं आणि शिसपेन्सिल, वही, लॅपटॉप एवढंच पारदर्शक पिशवीत घालून वर जायचं. भिंतींवर कंपनीच्या काळातली मोठमोठी तैलचित्रं लावलेली आहेत. मी ज्या कागदांसाठी आलो होतो ते याच कारभाराचे. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली तेव्हापासून १९४७ पर्यंतचं हे दप्तर फडताळांत सलग मांडलं तर सुमारे १४ किलोमीटर भरतं. पुण्याला पेशवे दप्तराचे रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत त्यांना कागदांच्या ढिगाची भीती वाटत नाही. पण तिथे आपण आपल्याच माणसांचं लिहिणं वाचतो. इथे आपल्या माणसांबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं असतं.

माझा विषय पहिल्यापासून ठरलेला होता: पहिल्या महायुद्धात तुर्कांशी लढलेली ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज इराणच्या आखातातून फाओला उतरली आणि त्याच महिन्यात तिनं बसरा घेतलं. वर्षभर ती तैग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादच्या दिशेनं सरकत राहिली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तिचं पाऊल अडलं, ती मागे फिरली आणि कुट-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढा काळ तो वेढा चालला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतली माणसं. आपल्याकडे पानिपताच्या पराभवावर शेकडो पुस्तकं आहेत, कुटवर मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं आहे. हे मला फार दिवस खटकत होतं.

पण आज मागवलेला खंड फ्रान्सचा निघाला आणि दिवस त्यातच गेला. १९१४ च्या अखेरीस बुलोन बंदरात भारतीय टपालाचा सेन्सॉर बसला. एव्हलिन हॉवेल हा सनदी अधिकारी त्याचा प्रमुख. शिपायांची पत्रं उघडायची, वाचायची, त्यांतले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याला अहवाल लंडनला धाडायचा. आधी हेतू होता ब्रिटिशविरोधी गदर पक्षाचं साहित्य पलटणीत शिरू न देण्याचा, पुढे शिपायांच्या मनात काय चाललंय ते जोखण्याचा. मूळ पत्रं पुढे गेली, बहुतेक काळाच्या पोटात गेली. मागे उरले ते हे टंकलिखित उतारे. म्हणजे ज्या सरकारनं ती पत्रं चोरून वाचली, त्याच्याच कृपेनं ती आज आपल्याला वाचता येतात. हे कबूल करणं कठीण आहे, पण खरं आहे.

प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर शिपायाची जात, पलटण आणि इस्पितळ. बहुतेक शीख, पंजाबी मुसलमान, पठाण, गढवाली, डोगरा. मराठे इथे कमी, कारण मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. फ्रान्सला गेले ते खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समधले, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलातले. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल गावात याच खडकीच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर घराघरातून लढल्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी पडले. खडकीतून जाताना आपण ज्या भिंतींवरून सहज पुढे जातो, त्या भिंतींआडून ही माणसं गेली होती.

पत्रांतून काय येतं? पाऊस, चिखल, थंडी. घरचं पीक, म्हैस, कोर्टातला दावा. एक जखमी लिहितो की महाभारतात सांगितलं तसंच हे युद्ध आहे. दुसरा म्हणतो हे युद्धच नव्हे, जगाचा शेवट आहे. काही जण सांकेतिक लिहीत: काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला हे कळत होतं आणि त्यानं तसं नमूदही केलं आहे. भावाला भरती होऊ देऊ नका, एवढाच निरोप कितीतरी पत्रांत फिरून फिरून येतो.

मंगळवार

आजही लायब्ररीतच. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात इथली सूची आणि मागणीची यंत्रणा कोलमडली होती. म्हणून मी दप्तरांचे क्रमांक घरूनच काढून आणले होते. येणाऱ्या प्रत्येकानं तसंच करावं, वेळ वाचतो.

सकाळी एक बारीक अहवाल पाहिला. ब्राइटनच्या किचनर या भारतीय जखमींच्या इस्पितळाचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यानं एक हजार जखमांची छाननी केली होती. भारतीय शिपाई लढाई टाळायला स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतात, असा संशय वरच्या वर्तुळात पसरला होता, त्याची ही तपासणी. सीटनच्या हाती त्या संशयाला आधार देणारं जवळजवळ काहीच लागलं नाही. अहवाल गोपनीय राहिला. संशय मात्र तोंडोतोंडी बराच पसरला होता.

मग मेसोपोटेमिया कमिशन, म्हणजे त्या मोहिमेच्या चौकशीचा अहवाल. हे वाचायला मन घट्ट करावं लागतं. १९१७ च्या जूनमध्ये हा अहवाल छापला गेला आणि पुढच्याच महिन्यात भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. टेसिफोनच्या जखमींचं काय झालं हे त्यात आहे. रुग्णवाहिका नव्हत्या म्हणून माणसं बिनस्प्रिंगच्या गाड्यांवर घालून नदीपर्यंत आणली. नदीवर पुरेशा बोटी नव्हत्या, म्हणून रसद पोचवणाऱ्या बोटींवर त्यांना ओळीनं पसरलं. मेजर कार्टर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर बसऱ्याला इस्पितळ-जहाजावर होता. 'मेजिदिए' नावाची बोट जखमी घेऊन जवळ आली तेव्हा तिच्या बाजूंनी दोर लोंबताहेत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा होती. अनेक दिवस माणसं जिथे पडली होती तिथेच पडून होती, उठवायला कोणी नव्हतं. कार्टरनं हे वर कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली नाही, उलट अटकेची धमकी दिली. लुडबुड करणारा, नसत्या खुळाचा माणूस अशी त्याची संभावना झाली. पुढे कमिशनपुढे त्यानं साक्ष दिली म्हणून हे आज छापील आहे.

मी हा भाग दोनदा वाचला. त्या बोटींवर गोरे होते तसे आपलेही होते, किंबहुना आपलेच जास्त. कार्टरसारखा एक हट्टी डॉक्टर नसता तर त्यांच्या त्या प्रवासाचा एक ओळीचाही पुरावा उरला नसता. युद्धाचा इतिहास सेनापतींच्या आठवणींतून लिहू नये असं मला वाटतं ते याच कारणानं. पूना डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडनं कुट शत्रूच्या हवाली केलं आणि उरलेलं युद्ध इस्तंबूलजवळच्या बेटावर मानानं काढलं. त्याचे शिपाई वाळवंटातून चालत रास अल-ऐनपर्यंत गेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले.

वेढ्यातल्या भुकेचीही कागदपत्रं आहेत. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. भारतीय शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं आणि ते स्कर्व्हीनं, अशक्तपणानं खंगत गेले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून ती बिनतारी यंत्रानं आत कळवली गेली. तरी शिपाई तयार होईनात. उद्या गावी परतल्यावर लोक पंगतीला बसू देतील का, मुलीचं लग्न जमेल का, ही धास्ती होती. काही इंग्रज लेखक याला धर्मवेड म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्याला परत जायचंय तोच गावाचा विचार करतो. एप्रिलमध्ये बहुतेकांनी अखेर खाल्लं, पण तोवर फार उशीर झाला होता. विमानांतून पोती टाकून पाहिली, त्यांतली काही नदीत, काही तुर्कांच्या हद्दीत पडली. बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले, त्यांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हणजे जेवढे सोडवायचे होते त्याहून कितीतरी जास्त. शेवटी तुर्की सेनापती खलील पाशाला २० लाख पौंड देऊ केले. त्यानं ते नाकारले. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली.

बुधवार

क्यू. डिस्ट्रिक्ट लाइननं क्यू गार्डन्सला उतरायचं आणि शांत गल्ल्यांतून दहा मिनिटं चालायचं. समोर तळं, त्यात हंस आणि मागे काँक्रीटची भव्य इमारत: नॅशनल आर्काइव्ह्ज. सोमवारी हे बंद असतं म्हणून आठवड्याची सुरुवात लायब्ररीपासून केली होती. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाइलनं काढायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडच्या कोणत्याही अभिलेखागारानं यापुढे एवढं तरी उचलावं.

डब्ल्यूओ ९५ ही मालिका म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या रोजनिश्या. ठरावीक छापील फॉर्म, त्यावर तारीख, ठिकाण, घडामोड. कुठे शाई, बरेचदा पेन्सिल. मेसोपोटेमियाच्या पेट्यांतल्या रोजनिश्या चाळताना एक रीत लगेच ध्यानात येते. गोरा अधिकारी पडला की त्याचं नाव लिहितात. सुभेदार, जमादार पडला तर बहुधा त्याचंही. शिपाई पडला की आकडा. इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता. पानामागून पान हेच.

दगडावरही तीच रीत उतरली. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त सैनिकांची दखल आहे, पण भारतीय शिपायांची नावं तिथे कोरली गेली नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या कोरली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःचाच अहवाल काढून हे मान्य केलं. त्यांच्या हिशेबानं किमान १,१६,००० मृतांचं नावानिशी स्मरण झालंच नाही, आणि ही संख्या ३,५०,००० पर्यंत असू शकते. यांत मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले होते. कमिशननं त्याबद्दल माफी मागितली.

कुटच्या कैद्यांचंही तसंच. सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक कैदेत मेले, हा हिशेब जवळजवळ माणसागणिक लागतो. भारतीयांबद्दल ठोकळ आकडे मिळतात.

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती बदललेली दिसते. माणगावच्या तहसील कचेरीपाशी ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले होते. ते एकटे मशिनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्यांना लोळवलं आणि मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉसच्या उताऱ्यात हे क्षणाक्षणानं आलं आहे. वाचताना अभिमानानं ऊर भरून येतो, आणि लगेच बसऱ्याचे आकडे आठवतात. त्यांच्यातही असे असतील. पाहून लिहिणारा कोणी जिवंत उरला नसेल, एवढंच.

गुरुवार

आज मेसोपोटेमिया बाजूला ठेवलं. क्यूला येऊन एफसीओ १४१ न पाहता परतणं मला शक्य नव्हतं.

या मालिकेची कथा साम्राज्याच्या शेवटाची आहे. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तेव्हा कोणते कागद नव्या सरकारच्या हाती द्यायचे आणि कोणते नाहीत याचे हुकूम निघाले. १९६१ मध्ये वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांनी कळवलं की ब्रिटिश सरकारला, पोलिसांना, लष्कराला किंवा खबऱ्यांना अडचणीत आणेल असं काही मागे राहता कामा नये. चाळणी करण्याचं काम कोणी करायचं तेही ठरलेलं होतं: युरोपीय वंशाच्या अधिकाऱ्यांनीच. कागद जाळले तर राखेचाही चुरा करायचा. समुद्रात टाकायचे तर वजन बांधलेल्या पेट्यांतून, किनाऱ्यापासून दूर, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात. कोण्या कारकुनानं हे इतक्या बारकाईनं बसून लिहिलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ थांबलो.

सगळं जाळता आलं नाही. उरलेले पेटारे गुपचूप इंग्लंडला आणून बकिंगहॅमशरमध्ये हॅन्सलोप पार्क इथल्या सरकारी आवारात ठेवले गेले. त्यांचं अस्तित्व जगाला कळलं ते २०११ मध्ये, केनियातल्या ब्रिटिशविरोधी माऊ माऊ उठावातल्या वृद्ध कैद्यांनी लंडनच्या हायकोर्टात लावलेला दावा चालू होता तेव्हा. छळछावण्यांत आपल्यावर काय झालं ते ही माणसं पन्नास वर्षं सांगत होती, आणि कागद नाही म्हणून त्यांचं कोणी मानत नव्हतं. कागद होता, कुलपात होता. जून २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांना १ कोटी ९९ लाख पौंड देण्याचं मान्य केलं. ३७ जुन्या वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली टप्प्याटप्प्यानं इथे आल्या. सायप्रस, मलाया, सिलोन, एडन, केनिया.

हिंदुस्थान त्यांत नाही. पण इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स या गुप्त खात्याचं दप्तर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लायब्ररीत खुलं झालं. १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या, त्यानंतर उभं राहिलेलं हे खातं. हायगेटच्या इंडिया हाउसमधल्या सावरकरांपासून पुढची चार दशकं इंग्लंड-युरोपातल्या आपल्या लोकांवर ठेवलेली पाळत त्या कागदांत सापडते. क्रांतिकारकांच्या चरित्रांत आपण जे ऐकीव म्हणून वाचतो, त्यातलं पुष्कळ तिथे तारखेनिशी पडताळता येतं. ज्यांना वेळ आहे त्यांनी त्या फायलींवर वर्षभर बसावं.

शुक्रवार

लॅम्बेथचं इम्पीरियल वॉर म्युझियम. दारात युद्धनौकेच्या पंधरा इंची दोन तोफा. मेसोपोटेमियाची छायाचित्रं पाहायची होती, ती पाहिली. बोटी, गुडघाभर चिखल, ओळीत उभे शिपाई. चित्राखाली पलटणीचं नाव, माणसांचं नाही. संध्याकाळी लवकर निजलो.

शनिवार

ब्राइटन. लंडनहून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. १९१४ च्या डिसेंबरात इथला रॉयल पॅव्हिलियन, घुमट-मिनारांचा राजवाडा, भारतीय जखमींसाठी इस्पितळ झाला. हिंदू-मुसलमानांची पाणी पिण्याची व्यवस्था वेगळी, स्वयंपाकघरं नऊ. त्याची चित्रं काढून पोस्टकार्डं छापली, हिंदुस्थानात वाटली. पाहा, राजा तुमची किती काळजी घेतो.

पण मला जायचं होतं टेकडीवरच्या दुसऱ्या इमारतीकडे. गावातलं अनाथ-गरिबांचं वर्कहाउस रिकामं करून तिथे किचनर इस्पितळ केलं होतं, आज तिथे ब्राइटन जनरल हॉस्पिटल आहे. सीटन इथलाच प्रमुख. त्यानं आवाराला काटेरी तार लावली, पहारे बसवले. रुग्णांनी आणि भारतीय कर्मचाऱ्यांनी गावात मोकळं फिरू नये, इंग्रज बायकांशी बोलू नये, यासाठी. राजाच्या पाहुणचाराची पोस्टकार्डं एकीकडे आणि ही तार दुसरीकडे. १९१५ मध्ये जगू गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जननं या कोंडवाड्याच्या संतापानं सीटनवर पिस्तूल रोखलं. सहकाऱ्यांनी त्याला आवरलं. लष्करी न्यायालयानं सात वर्षांची सक्तमजुरी दिली.

गोडबोले! आडनाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ झालो होतो, लायब्ररीतल्या त्या मंगळवारी. कोकणातला की घाटावरचा, शिकला कुठे, शिक्षा भोगून परतला का? महाराष्ट्रात त्याच्या घराण्याला हे माहीत असेल का? त्यानं जे केलं त्याचं समर्थन मी करत नाही, कारण सीटन हाच शिपायांवरचा खोटा आरोप खोडून काढणारा माणूस होता. पण जखमी माणसांची सेवा करणाऱ्या डॉक्टरला तारेआड ठेवलं, तर त्याच्या मनात काय साचतं, हे त्या शिक्षेच्या नोंदीत कुठेच विचारलेलं नाही.

दुपारी पॅचमच्या माळावर छत्री पाहायला गेलो. तिथवर गाडी जात नाही, मेंढरांच्या कुरणातून चालावं लागतं. इस्पितळांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन इथे झालं, राख समुद्रात सोडली गेली. मुसलमानांना वोकिंगला दफन केलं. पांढऱ्या संगमरवराची ही छत्री ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुकारानं आखली आणि १ फेब्रुवारी १९२१ ला युवराजानं तिचं अनावरण केलं. नावं मात्र तेव्हाही नव्हती. ती २०१० मध्ये शेजारच्या भिंतीवर कोरली गेली. मी ती एकेक करून मोठ्यानं वाचली.

रविवार

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं निघालेली ही संस्था. चहा घेताना कुटचा विषय काढला, तर पलीकडच्या टेबलावरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत फरशी आहे की. या गावातून इतके गेले, इतके मेले."

अशा फरश्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना ठाऊक आहे, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. बाकीच्या गावांची यादी कोणाकडेच एकत्र नाही. पंजाबची तीन लाख वीस हजार सैनिकांची नोंद लाहोरच्या संग्रहालयातल्या रजिस्टरांत सापडली आणि आता ती इंटरनेटवर शोधता येते. आपल्याकडे तसं रजिस्टर नसेल, पण फरश्या आहेत. आणि वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर बसऱ्याच्या स्मारकातल्या शिपायांची नावं आज मिळतात, कित्येकांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा यांसह. स्पेलिंगं इंग्रज कारकुनांची आहेत, तेव्हा एकाच गावासाठी चार-पाच प्रकारे शोधावं लागतं.

आजोबांनी भाच्याला फोन लावून फरशीचा फोटो मागवला. तिच्यावर संख्या आहे, नावं नाहीत. गावाचं नाव टाकून आम्ही तिथेच शोधायला बसलो. पहिल्या तासात ११० व्या पलटणीचे दोन शिपाई सापडले. उरलेल्यांसाठी शेजारच्या वाड्यांची नावं आजोबा लिहून देत होते आणि मी टाइप करत होतो. मंडळ बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिसरा सापडला, आजोबांच्याच आडनावाचा. उद्याच्या विमानाआधी लायब्ररीत पुन्हा अर्धा दिवस मिळणार आहे, तेव्हा ११० व्या पलटणीची मृतांची यादी मागवून ठेवली आहे.